भंगारातून सरपणाचा गाडा बनवताय? या चुका टाळा

दोन जुनी चाकं, कुठल्या तरी खाटेचे अँगल, मोडक्या शेल्फच्या पट्ट्या असं सामान मांडून "यातून सरपणाचा गाडा होईल ना?" असं विचारणारे मला अधूनमधून भेटत असतात. होतो की. चांगला दणकट होतो. पण विचारणाऱ्याच्या एका हातात ग्राइंडर आधीच सुरू असतो, त्यामुळे पुढचं ऐकायला तो थांबत नाही. मग महिन्या-दोन महिन्यांनी तोच माणूस वाकलेला आस घेऊन परत येतो.

भंगारातल्या प्रत्येक वस्तूला पूर्वजन्म असतो. तिथे ती कोणाचं वजन, कोणत्या दिशेने उचलत होती, हे न विचारता तिला नव्या कामाला जुंपलं की ती दगा देते. खाली लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका याच एका घाईतून होतात. त्यातल्या निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत.

वजनाचा अंदाजच नसणं

सरपण म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काटक्यांची मोळी येते. फोडलेल्या ओंडक्यांचा हिशोब वेगळा. समजा पेटी १ मीटर लांब, ६० सेंमी रुंद, ५० सेंमी उंच आहे. झाले ०.३ घनमीटर. रचलेल्या लाकडात फटी राहतात, त्या वजा जाता साधारण दोन तृतीयांश, म्हणजे ०.२ घनमीटर लाकूड उरतं. कठीण जातीचं वाळलेलं लाकूड घनमीटरला ७०० किलो धरलं तर १४० किलो भरतं. ताजं तोडलेलं असेल तर घनमीटरला १००० किलोच्या आसपास, म्हणजे २०० किलो. शिवाय गाड्याचं स्वतःचं वजन. आणि हे झालं गाडा उभा असतानाचं. दगडावरून चाक धप्पकन खाली आलं की त्या क्षणी दुप्पट भार सहज बसतो.

मी २०० धरून चालतो. "आम्ही थोडंच भरणार" म्हणणाऱ्यांनी २५० धरावं. गाडा हाताशी आला की थोडं भरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सायकलची चाकं

ही माझी दुखरी नस आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सायकलचं चाक मोठं, हलकं, आणि भंगारात ढिगाने मिळणारं. मोठ्या चाकाचा गाडा खड्ड्यातून सहज निघतो, हेही खरं. त्यामुळे नवशिक्याची पहिली झडप त्याच्यावरच पडते. माझीही पडली होती. एका जुन्या सायकलीची दोन्ही चाकं, त्यांच्यात लांबवलेले आस, वर अँगलची चौकट आणि फळ्यांची पेटी. रिकामा गाडा एका बोटाने ढकलला जायचा. मी आल्यागेल्याला बोटाने ढकलून दाखवायचो.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला ओल्या ओंडक्यांनी भरलेला गाडा घेऊन आडव्या उतारावरून येत होतो. उतार काही फार नव्हता. उताराकडच्या चाकातून आधी 'टण्' असा आवाज आला, तार तुटावी तसा. मी थांबलो, वाकून पाहिलं, काही दिसलं नाही. दोन पावलं पुढे गेलो तर टण्, टण्, टण् असे तीन-चार आवाज लागोपाठ, आणि चाक बघता बघता द्रोणासारखं वळलं. गाडा कलंडला, दांडीने माझं मनगट पिरगाळलं आणि ओंडके उतारावरून आपापल्या वाटेने निघून गेले. ते गोळा करायला तासभर लागला, मनगट दुखायचं थांबायला दोन आठवडे.

झालं काय होतं? सायकलचं चाक वरून येणारं वजन उत्तम पेलतं. आडवा रेटा मात्र त्याला सोसत नाही. रिमचा व्यास ६०-६५ सेंमी आणि हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) दोन कडांमधलं अंतर जेमतेम ६-७ सेंमी. आरे इतके उभट बसलेले असतात की बाजूने ढकललं तर रिमला धरून ठेवायला त्यांच्याकडे काही बळच उरत नाही. सायकलवर हे खपून जातं, कारण वळताना सायकल आत झुकते आणि भार चाकाच्या पातळीतच राहतो. दोन चाकांचा गाडा झुकत नाही. वळणावर आणि आडव्या उतारावर सगळा माल चाकाला कुशीत ढोसत राहतो.

आता मी स्कूटरची किंवा मोटारसायकलची चाकं शोधतो. मोपेडचीही चालतात. ती तेवढ्याच हौसेने भंगारात येऊन पडतात, फक्त थोडी वाट बघावी लागते. आणि तेवढीच तर कोणाला बघायची नसते. सायकलचीच लावायची असतील तर आस दोन्ही बाजूंनी धरा, सायकलच्या चिमट्यात असतो तसा. आणि गाडा काटक्या, झावळ्या, पालापाचोळा यांच्यापुरता ठेवा. बसवण्याआधी प्रत्येक आरा बोटाने छेडून पाहायचा. एकसारखा खणखणीत आवाज आला तर ठीक. मधेच एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे, त्याच्या शेजारच्यांवर जास्तीचा ताण आहे आणि तुटायला तेच आधी सुरुवात करणार.

आस म्हणून हाताला येईल ती सळई

चाकं निवडायला लोक दिवस घालवतात, पेटीच्या रंगावर घरात चर्चा होते, आणि दोन्हींच्या मधला आस मात्र संध्याकाळ झाली म्हणून हाती लागेल त्या सळईचा. सगळ्यात लाडकी असते ती पूर्ण लांबीला आटे पाडलेली सळई. नट कुठेही फिरवता येतो, भोक पाडायला नको, वेल्डिंग नको. शॉर्टकट म्हणून याहून देखणा दुसरा नाही, आणि याहून वाईटही नाही. १२ मिमीच्या अशा सळईचा आट्यांच्या तळाशी मोजलेला व्यास जेमतेम १० मिमी भरतो. वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे त्या दोन मिलिमीटरपायी सुमारे ४० टक्के ताकद गेली. वर प्रत्येक आटा म्हणजे तडा सुरू व्हायला तयार खाच. आणि चाकातला बुश (आसावर बसणारी नळी) त्या आट्यांवर कानशीवर घासल्यासारखा झिजतो.

बांधकामाची गजाची सळई हा दुसरा लाडका पर्याय. तिच्या अंगावर कंगोरे असतात. त्यावर चाक फिरत नाही, फक्त कुरकुरतं.

हाच घनाचा नियम आपल्या बाजूनेही वापरता येतो. १२ च्या जागी २४ मिमीची भरीव सळई घेतली की ताकद आठपट होते. चाक चौकटीच्या बाहेर एकाच टेकूवर असेल तर २० मिमीखाली मी जात नाही, आणि मिळाला तर २५ मिमीचा शाफ्ट वापरतो. जुन्या यंत्रातला गुळगुळीत शाफ्ट म्हणजे पर्वणी. तो एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत सलग ठेवायचा. चौकटीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे तुकडे वेल्ड करणारे त्यांची सरळ रेष कशी साधतात ते मला माहीत नाही. बहुधा साधत नाहीत. एक चाक पूर्वेला आणि दुसरं किंचित ईशान्येला जाणारे गाडे मी पुष्कळ पाहिलेत.

टोकाला नुसता नट पुरत नाही. चाक फिरतं तसतसा एका बाजूचा नट सैल होत जातो. वॉशर, आणि आसाला आरपार भोक पाडून त्यात स्प्लिट पिन, म्हणजे टोकं फाकवून अडकवायची दुहेरी पिन. पिन म्हणून खिळा वाकवून घालणाऱ्यांना मी काही बोलत नाही, त्यांची पँट बोलते.

जाता जाता, बेअरिंगवरच्या आकड्याचं. ६२०४, ६२०५ असं काही कोरलेलं असतं, त्यातले शेवटचे दोन आकडे बघा. ०४ पासून पुढे त्यांना ५ ने गुणलं की आतलं भोक मिमीमध्ये मिळतं. ६२०४ चं २०, ६२०५ चं २५. त्याखालचे मात्र लक्षातच ठेवावे लागतात, ६२०२ चं १५ आणि ६२०३ चं १७. हा आकडा आधी वाचला तर "शाफ्ट बसत नाही हो" म्हणत कानशीने तासभर घासायची वेळ येत नाही. बेअरिंग कानाशी धरून फिरवा. आतून वाळू चावल्यासारखा आवाज आला तर ग्रीस भरून काही उपयोग नाही, ते गेलेलं आहे.

आस बरोब्बर मधोमध

माझ्या मेहुण्याने बनवलेला गाडा दिसायला माझ्या सगळ्या गाड्यांपेक्षा सरस. कोपरे घासलेले, दांड्यांना जुन्या हँडलच्या मुठी, रंगसुद्धा दोन हात. आस मात्र पेटीच्या अगदी मध्यावर. "दोन्हीकडे सारखं वजन, म्हणजे तोल आपोआप आला," असं त्याचं गणित.

भरताना काहीच झालं नाही, कारण आम्ही दोघं दोन टोकांनी भरत होतो. गाडा नेतानाही तो खूश, दांड्या उचलायला वजनच लागत नव्हतं. खाली करताना तो एकटा होता. दांड्यांच्या बाजूचे ओंडके हाताशी, म्हणून आधी तेच काढायला लागला. सहा-सात ओंडके निघाले असतील. पुढचा उचलायला तो दांड्यांच्या मधल्या आडव्या पाइपवरून वाकला, ओंडका हातात आला, आणि त्याबरोबर मागची बाजू पुढच्यापेक्षा हलकी झाली. पेटीचं तोंड जमिनीत आणि तो आडवा पाइप थेट त्याच्या हनुवटीवर. दोन टाके पडले. बहिणीने अपघाताचं बिल माझ्या नावावर फाडलं, कारण मी तिथे होतो आणि आधी बोललो नव्हतो. तिचं चुकलं नाही.

बोललो नव्हतो याचं कारण असं, की मध्यावर आस असलेला गाडा भरलेला असताना खरंच छान चालतो. खोड कळते ती अर्धा रिकामा झाल्यावर.

माझी पद्धत अगदी गावठी आहे. चौकट आणि पेटी तयार झाली की आस न लावता ती जमिनीवर एका जाड पाइपवर आडवी ठेवतो. दांड्या लावलेल्याच असतात, त्यांचंही वजन हिशोबात यायला हवं. मग खरोखरचे ओंडके भरतो, आणि पेटी पाइपवर पुढे-मागे सरकवत ती कुठे तोलते ते बघून तिथे खडूची रेघ मारतो. या रेघेपासून १२ सेंमी, म्हणजे साधारण अर्धी वीत, दांड्यांपासून दूरच्या बाजूला आस. दांडीची मूठ आसापासून १२० सेंमीवर असेल तर मालाच्या दहाव्या हिश्शाएवढं वजन हातात येतं. १५० किलोला १५ किलो. हे जड वाटणाऱ्यांनी अंतर थोडं कमी करावं, शून्यावर मात्र आणू नये. हातातलं हे वजनच गाडा पुढे तोंडावर पडू देत नाही.

आणखी एक. दांड्या उचलल्यावर पेटी पुढे कलते आणि उंच रचलेल्या मालाचा भार आसाच्या पुढे सरकतो. म्हणून चालताना हात जिथे असतात त्या उंचीला पेटी सपाट राहील अशा दांड्या वाकवून घ्या. हात सैल सोडून उभं राहायचं आणि मुठी जमिनीपासून किती वर येतात ते दुसऱ्याला मोजायला सांगायचं, झालं. आणि दांड्यांच्या बाजूला दोन पाय हवेतच. तेही रुंद तळव्याचे, नाहीतर ओल्या मातीत खुंटीसारखे रुततात.

ट्रॉलीची छोटी चाकं

फरशीवर लोण्यासारखी पळतात, मातीत नांगर होतात. हिशोब बघा. १० सेंमी व्यासाचं चाक २ सेंमी उंच दगडावर चढवायचं तर त्यावरच्या भाराच्या सव्वापटीहून जास्त आडवा जोर लागतो. ४० सेंमी व्यासाचं चाक तोच दगड भाराच्या निम्म्याहून कमी जोरात ओलांडतं. ग्रीस कितीही चोपडलं तरी हे बदलत नाही. "चारही चाकं फिरती लावली की कुठेही वळेल" म्हणणाऱ्याचा गाडा खरोखर कुठेही वळतो, त्याला नको तिकडेही.

जस्ताचा पाइप आणि एक हुडहुडीची रात्र

पाण्याचे जुने पाइप चौकटीला उत्तम. पण ते बहुधा जस्ताचा मुलामा दिलेले असतात. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पोलाद वितळायला १४०० च्या वर जावं लागतं. म्हणजे वेल्डिंगचा टाका बसायच्या आत जस्ताची वाफ झालेली असते. पांढरा धूर आणि कापसासारखे तंतू उडताना दिसतात ते तेच. मी एकदा दार लावून, पंखा बंद करून (ठिणग्या उडतात म्हणून!) अशा पाइपांची अख्खी चौकट जोडली. संध्याकाळी तोंडाला गुळमट धातूची चव, रात्री थंडी वाजून ताप, अंग ठणकतंय. सकाळी उतरलं. यावर दूध प्या म्हणून सांगणारे भेटतील. धूर फुप्फुसात गेलेला असतो, पोटात नव्हे. जोडाच्या दोन्ही बाजूंनी तीन-चार बोटं मुलामा घासून काढा, उघड्यावर काम करा, वाऱ्याकडे पाठ न करता त्याला आडवं उभं राहा आणि घासतानाही मास्क लावा. दोन्ही टोकांनी बंद पाइप असेल तर आधी एक भोक पाडा. आत कोंडलेली हवा तापून फुगते, आणि आत पाणी असेल तर विचारूच नका.

वेल्डिंगबद्दल एवढंच, की आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके घाला, मग दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. नसतील तर टाका हातोडीने हलतो, पूर्ण शिवण हलत नाही. टाक्यावर न थांबता सलग ओढत सुटणारे लोक वाकडी चौकट घेऊन येतात आणि पाइपला दोष देतात. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा. तो पलीकडच्या टोकाला लावला आणि करंट बेअरिंगमधून गेला तर छर्‍यांवर बारीक खड्डे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं.

बारीकसारीक, पण रोजची

पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी पाटांच्या) फळ्या वापरण्याआधी शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती बिनधास्त घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ती तिथेच सोडा. ज्या फळीवर कसला तरी डाग आहे आणि वास येतो, तिचा शिक्का बघायचीही गरज नाही. खिळे उपटू नका, ते पिळाचे असतात आणि फळी चिरते. फटीत पातं घालून कापून टाका.

तळाला सलग प्लायवूड नको. साल, माती, पाणी साचून दुसऱ्या पावसाळ्यात ते पापुद्रे सोडतं. बोटभर फट ठेवून पट्ट्या मारा.

आतून नायलॉनचं कडं असलेले जुने नट पुन्हा वापरले की पकड पहिल्यासारखी राहत नाही. गाडा विकतच्या सामानाचा नसावा हा हट्ट मला पटतो, पण नट-बोल्ट नवे घ्या.

टायरच्या कडेला भेगा दिसल्या तर हवा भरून "बघू" म्हणू नका. आणि हवा भरताना टायरवर लिहिलेला दाब वाचा. टायर टणक झाला की गाडा हलका चालतो या समजापायी लोक कॉम्प्रेसर लावून उभे राहतात, आणि गंजलेली रिम चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते.

उतारावर थांबायचं असेल तर दोरीने बांधलेला लाकडी गुटका गाड्यालाच अडकवून ठेवा. वेगळा ठेवलेला गुटका लागतो तेव्हा सापडत नाही. बहुतेक वेळा तो चुलीत गेलेला असतो.

दार न मोजणं

ही चूक इतकी साधी आहे की सांगताना लाज वाटते, आणि ती सगळे करतात. लोक पेटीची रुंदी मोजतात. चाकं पेटीच्या बाहेर असतात, चाकांच्या बाहेर वॉशर, त्याच्याबाहेर पिन, आणि पिनेच्याही बाहेर आसाचं उरलेलं टोक. मोजायचं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दाराच्या रुंदीतून किमान १० सेंमी वजा करून. गाडा दारातून सरळ कधीच जात नाही, थोडा तिरका जातो.

अरुंद केला तर तो कलंडतो, म्हणून दाराने परवानगी दिली तेवढं रुंद जावं, आणि पेटी चाकांच्या वर न ठेवता दोन्ही चाकांच्या मधे खाली उतरवावी. हे मला दुसऱ्या गाड्याच्या वेळी माहीत होतं. मी पेटी खाली उतरवली, चाकं छान लांब लांब लावली, दोन दिवस रंग वाळू दिला आणि तिसऱ्या दिवशी गाडा सरपणाच्या खोपीत न्यायला निघालो. खोपीचं दार ७५ सेंमी. गाडा ७८. तो अजूनही बाहेरच असतो, ताडपत्रीखाली.